शटडाऊनमध्ये कुणाचा रिफंड येतो आणि कुणाचा अडकतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगते. तुम्ही व्हर्जिनियात, एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, मिसेस मार्च २०२४ मध्ये इकडे आल्या. त्यांचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा टॅक्स नंबर) काढायचा होता म्हणून २०२४ चं टॅक्स रिटर्न एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ, घेऊन ८ ऑक्टोबर २०२५ ला पोस्टानं पाठवलंत, ४,८०० डॉलर रिफंड यायचाय आणि जानेवारी २०२६ उजाडला तरी पत्ता नाही. मधल्या काळात शटडाऊनमुळे (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी काम बंद) तुमचा सरकारी प्रोजेक्ट थांबला, पाच आठवडे पगार नाही, क्रेडिट कार्डवर सहा हजार चढले, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता चालूच. आणि आता ३० जानेवारी २०२६ ला सरकारचं फंडिंग संपतंय, परत शटडाऊन झालं तर रिफंड बुडाला का, आणि तोवर लोन काढू का, असं विचारताय.

मी न्यू जर्सीत एडिसनला एन्रोल्ड एजंट (सरकारी परवाना असलेली टॅक्स सल्लागार) म्हणून १८ वर्षं रिटर्न्स भरतेय. तुमचं रिटर्न मी बघितलेलं नाही आणि मी इमिग्रेशन वकील नाही, तेवढं धरून वाचा.

पहिलं म्हणजे रिफंड बुडत नाही. तो सरकारकडे जमा असलेला तुमचाच पैसा आहे, उशीर होईल पण कुठे जाणार नाही. खरा प्रश्न वेगळाय, तो म्हणजे तुमच्या रिटर्नला माणसाचा हात लागणार आहे की नाही. शटडाऊनमध्ये मशीन चालू असतं, माणूस घरी असतो, सगळं गणित या एका गोष्टीवर चालतं.

हे असं का होतं ते जरा सांगते, कारण कळलं की पुढचं आपोआप समजतं. अमेरिकेत सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तोवर काँग्रेसनं खर्चाची बिलं पास केली नाहीत तर १८८४ चा एक जुना कायदा आडवा येतो, अँटिडेफिशियन्सी ॲक्ट, म्हणजे मंजुरी नसेल तर सरकारी खात्यानं पैसा खर्चायचा नाही, फुकट काम सुद्धा करून घ्यायचं नाही. अपवाद फक्त जीव आणि मालमत्ता वाचवण्याचा. आता गंमत बघा, तुम्ही भरलेला टॅक्सचा चेक ही सरकारची मालमत्ता, म्हणून चेक उघडायला, बँकेत भरायला माणसं कामावर असतात. घ्यायची खिडकी कधीच बंद होत नाही, बंद होते ती द्यायची.

त्यात रिफंडच्या पैशाला दरवर्षी मंजुरी लागतच नाही, त्याची कायमची तरतूद कायद्यात आहे. अडचण असते ती रिफंड काढणाऱ्या माणसांच्या पगाराची, म्हणजे पैसे कपाटात आहेत पण कपाट उघडणारा घरी बसलाय अशी गत. २०१३ मध्ये १६ दिवसांचं शटडाऊन झालं तेव्हा आयआरएसनं (फेडरल टॅक्स खात्यानं) जवळजवळ ४ अब्ज डॉलरचे रिफंड लांबवले. मग २०१८-१९ चं ३५ दिवसांचं आलं, ते ऐन टॅक्स सीझनच्या तोंडावर, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये सरकारनं स्वतःचाच जुना अर्थ फिरवला आणि सांगितलं की रिफंड द्यायचे, आणि त्यासाठी साधारण ४६ हजार लोकांना बिनपगारी कामावर बोलावलं. म्हणून शटडाऊनमध्ये रिफंड मिळतो का असं कुणी विचारलं तर मी आधी विचारते, कुठल्या महिन्यात? सीझनमध्ये झालं तर आयआरएसचा प्लॅन वेगळा, सीझन नसताना झालं तर वेगळा.

तुमचं झालं ते सीझन नसताना. २०२५ चं शटडाऊन १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, तोवरचं सगळ्यात लांब. पहिले पाच कामाचे दिवस आयआरएसनं दुसरीकडच्या पैशावर काढले आणि ८ ऑक्टोबरला साधारण ३४ हजार लोक, म्हणजे जवळजवळ निम्मा स्टाफ, घरी बसवला. हो, तुम्ही पोस्टात पाकीट टाकलंत तोच दिवस. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की ई-फाईल केलेलं, बिनचुकीचं, मशीननं आपोआप प्रोसेस होणारं १०४० (नेहमीचं वैयक्तिक रिटर्न) आणि डायरेक्ट डिपॉझिट, एवढ्यांनाच रिफंड, बाकीचे थांबा. आणि तरी १५ ऑक्टोबरची डेडलाईन एक दिवस सुद्धा पुढे ढकलली नाही, कारण डेडलाईन कायद्यात असते, ती ऑफिस उघडं आहे का ते बघत नाही.

माझ्याकडचीच दोन रिटर्न्स सांगते. दोघं एकाच बिल्डिंगमधले, दोघांचं एक्स्टेन्शनवरचं रिटर्न मी एकाच संध्याकाळी, १३ ऑक्टोबरला ई-फाईल केलं, रिफंडचा आकडाही साधारण सारखाच. एकाला शटडाऊन चालू असतानाच सोळाव्या दिवशी पैसे आले. दुसऱ्यानं उन्हाळ्यात बँक बदलली होती, जुनं खातं बंद केलं होतं आणि मला सांगायचं राहिलं, मीही गेल्या वर्षीचाच नंबर पुढे ओढला आणि नीट विचारलं नाही. पैसे गेले, बंद खात्यावरून परत फिरले आणि तिथून पुढे ते माणसानं बघायचं काम झालं. त्याला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले. तेव्हापासून मी प्रत्येकाकडून चेकबुकाच्या पानाचा फोटो मागते, लोक वैतागतात, वैतागू देत.

आता तुमचं बघू. डब्ल्यू-७, म्हणजे आयटीआयएनचा अर्ज, जोडलेलं रिटर्न ई-फाईल होत नाही, ते कागदानंच जातं, ऑस्टिनला, टेक्सासमध्ये, आयटीआयएनच्या युनिटकडे. तिथे माणूस पाकीट उघडतो, पासपोर्ट किंवा सर्टिफाईड कॉपी तपासतो, नंबर देतो आणि मग ते रिटर्न पुढे प्रोसेसिंगला जातं, म्हणजे एकदा नाही, दोनदा हात लागतो. एरवीसुद्धा नुसत्या आयटीआयएनला सात आठवडे लागतात, सीझनमध्ये नऊ ते अकरा. त्यात पाच आठवडे कुलूप. आणि कुलूप निघालं म्हणजे लगेच काम सुरळीत असं नसतं हो, २०१९ मध्ये शटडाऊन संपलं तेव्हा न उघडलेली, न लावलेली ५० लाखांहून जास्त पत्रं आणि पाकिटं पडली होती, आणि ८७ हजार अमेंडेड (दुरुस्त केलेली) रिटर्न्स रांगेत होती, हे आयआरएसच्याच टॅक्सपेयर ॲडव्होकेटनं काँग्रेसला लिहून दिलंय. आपल्याकडे सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात ते इथेही लागू पडतं, फक्त इथे थांबल्याचं व्याज मिळतं.

व्याजाचं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. वेळेत भरलेल्या रिटर्नचा रिफंड ४५ दिवसांत दिला नाही तर आयआरएस व्याज देतं, आणि तुम्ही एक्स्टेन्शनच्या मुदतीत भरलंय म्हणून ते साधारण मूळ तारखेपासून, म्हणजे १५ एप्रिल २०२५ पासून धरलं जातं. २०२५ मध्ये दर ७ टक्के होता. ४,८०० वर महिन्याला २८ डॉलर. एक मेख आहे, रिटर्न प्रोसेस होण्याजोगं असायला लागतं, सही राहिली, कागद कमी पडला तर ते ४५ दिवस मोजायला उशिरा सुरुवात होते. आणि हे व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं, विसरू नका, त्यावरून येणारी नोटीस मात्र मशीन पाठवतं, शटडाऊनमध्ये सुद्धा.

तुम्ही एक लिहिलं नाहीत, मिसेसचा ओरिजिनल पासपोर्ट पाठवलात की ॲक्सेप्टन्स एजंटकडून (आयआरएसनं मान्य केलेल्या माणसाकडून) सर्टिफाय करून? ओरिजिनल असेल तर आधी त्याच्या मागे लागा, रिफंड नंतर. ६० दिवस उलटून गेलेत, फोन करून विचारायचा हक्क आहे तुमचा. दरवर्षी कुणीतरी दीडशे-दोनशे डॉलर वाचवायला ओरिजिनल पासपोर्ट पाठवतो आणि मग घरी लग्न निघतं किंवा कुणीतरी आजारी पडतं आणि तिकीट काढता येत नाही.

मधल्या काळात एक गोष्ट अजिबात करू नका, तेच रिटर्न परत पाठवू नका. लोक घाबरून दुसरी कॉपी पाठवतात, दोन रिटर्न्स दोन टेबलांवर जातात, सिस्टीम ते डुप्लिकेट म्हणून अडवते आणि ते सोडवायला आणखी एक माणूस लागतो. पोस्टाची पावती काढा, ऑस्टिनला डिलिव्हर झाल्याची तारीख बघा, ती जपून ठेवा. रिफंडच्या ट्रॅकरवर रोज जाऊन उपयोग नाही, आयटीआयएन मिळेपर्यंत तिथे बहुतेक काही दिसणारच नाही. पोस्टाच्या पेटीवर लक्ष ठेवा. सीपी५६५ आलं म्हणजे नंबर मिळाला. सीपी५६६ म्हणजे आणखी कागद हवेत, ते आलं तर त्याच आठवड्यात उत्तर द्या. सीपी५६७ म्हणजे नाकारलं. आणि घर बदललं असेल तर फॉर्म ८८२२ भरून पत्ता कळवा, ही पत्रं जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहिलेली मी पाहिलीत.

खरंच हाल असतील, म्हणजे भाडं थकलं, घर सोडायची नोटीस आली असं काही, तर फॉर्म ९११ भरून टॅक्सपेयर ॲडव्होकेटकडे (आयआरएसमध्येच करदात्यांची बाजू बघणारं ऑफिस) जाता येतं. आणि एक दार आपले लोक ठोठावतच नाहीत, तुमच्या भागातल्या काँग्रेस मेंबरचं लोकल ऑफिस. मतदार नसलात तरी चालतं, त्या भागात राहता ना, एक संमतीपत्र सही करून घेतात आणि ते आयआरएसला चौकशी पाठवतात. मी चार-पाच जणांना पाठवलंय, पैसे लगेच येतातच असं नाही, पण पाकीट कुठल्या टेबलावर आहे ते तरी कळतं. शटडाऊन चालू व्हायच्या आधी करा, कारण शटडाऊनमध्ये ॲडव्होकेटचं ऑफिसही बंद असल्याचा अनुभव आहे.

व्हर्जिनियाचा स्टेट रिफंड यात येत नाही, तो राज्य सरकार देतं, त्यांची तिजोरी वेगळी.

आता पगाराचं, आणि इथे मला तुमच्या रिफंडपेक्षा जास्त काळजी वाटते. फेडरल सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना शटडाऊन संपलं की मागचा पगार मिळतो, २०१९ च्या कायद्यानं तशी हमी आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना अशी कुठली हमी नाही, आणि बहुतेकांचे ते दिवस गेले ते गेलेच. पण तुम्ही एच-१बी वर आहात. काम नाही म्हणून कंपनीनं बेंचवर बसवलं तर त्या दिवसांचा पगार कंपनीनं द्यायचा, असा लेबर डिपार्टमेंटचा नियम आहे, प्रोजेक्ट सरकारनं थांबवला की क्लायंटनं, त्यानं फरक पडत नाही. तुम्ही स्वतःहून, स्वतःच्या कारणासाठी बिनपगारी रजा मागितली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी हे आठवा की त्या वेळी तुमच्याकडून कसली ईमेल लिहून घेतली का, "मी रजेवर जातोय" अशा अर्थाची. लगेच तक्रार ठोका असं मी म्हणत नाही, व्हिसा त्यांच्या हातात असताना ते किती अवघड असतं ते मला कळतं, मीही त्याच वाटेनं आलेय. पण तक्रारीचा डब्ल्यूएच-४ फॉर्म १२ महिन्यांच्या आत भरावा लागतो, घड्याळ चालू आहे, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला एकदा पेस्लिप्स दाखवा. पाच आठवड्यांचा पगार तुमच्या रिफंडपेक्षा मोठा आकडा आहे.

याच्याच जोडीला, नोकरी बदलायचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा की यूएससीआयएस (व्हिसाचे अर्ज बघणारं खातं) अर्जांच्या फीवर चालतं म्हणून शटडाऊनमध्ये बंद पडत नाही, पण एच-१बी ट्रान्सफरला आधी एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा मंजूर अर्ज, लागतो आणि तो लेबर डिपार्टमेंटकडून. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते काम जवळजवळ महिनाभर बंद होतं, ग्रीन कार्डसाठीची पहिली पायरी असलेलं पर्मही. ऑफर हातात असेल तर ३० जानेवारीच्या आधी नव्या कंपनीला एलसीए टाकायला लावा.

लोन काढू का, तर रिफंडच्या भरवशावर नको. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं होतं ते. रिफंड ॲडव्हान्स म्हणून जे मिळतं ते ई-फाईलवाल्यांना, कागदाच्या रिटर्नवर कुणी देत नाही. राहतं पेडे लोन (पुढच्या पगारावर फेडायचं छोटं कर्ज) टाईप, १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर, ऐकायला किरकोळ, वर्षाचा हिशोब केला तर ३९० टक्के. (व्हर्जिनियात आता व्याजावर मर्यादा आहे, पण ऑनलाईन बाहेरचे लोक गळ टाकून बसलेले असतातच.) काही क्रेडिट युनियन्स शटडाऊनमध्ये बिनव्याजी कर्ज देतात, पण ते बहुतेक फेडरल पगार थेट त्यांच्याकडे येणाऱ्यांना. तुमचा पगार आता परत सुरू झालाय असं लिहिलंत, मग कार्डावरचे सहा हजार शून्य टक्क्यांच्या बॅलन्स ट्रान्सफर कार्डावर हलवा. तीन टक्के फी धरली तर १८० डॉलर एकदाच. आत्ता कार्डचा दर २४ टक्के असेल तर महिन्याला १२० जातात. क्रेडिट हिस्टरी नवीन असेल तर मिळेलच असं नाही, तेव्हा आधी तुमच्याच बँकेला विचारा. ४०१(के), म्हणजे निवृत्तीच्या फंडातून, कर्ज मी सगळ्यात शेवटी सांगते, कारण नोकरी गेली तर ते अंगावर येतं, आणि तुमची नोकरी ज्या प्रकारची आहे ते आपण आत्ताच बघितलं.

पण मला जे मुख्य सांगायचंय ते हे, की ४,८०० रिफंड आलाच कसा? आकड्यावरून सांगते, तुमचा पगार ९० हजारांच्या आसपास असणार आणि डब्ल्यू-४ वर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) अजून "सिंगल" असणार. बरोबर? एकटे आलात तेव्हा पहिल्या दिवशी एचआरनं भरून घेतला, मग लग्न झालं, मिसेस आल्या, आणि तो फॉर्म कुणाच्या लक्षात राहतो. २०२४ च्या दरानं ९० हजारांवर सिंगलचा टॅक्स साधारण ११,६०० होतो, जॉइंटचा (नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नचा) साधारण ६,८००. फरक मोजा. म्हणजे दर दोन आठवड्यांच्या पेचेकमधून १८५ डॉलर जास्त कापले गेले आणि वर्षभर सरकारकडे बिनव्याजी पडून राहिले, आणि तेच परत मिळवायला आता आपण ऑस्टिनच्या पाकिटाकडे डोळे लावून बसलोय. आमच्याकडे मोठा रिफंड आला की लोक पेढे घेऊन येतात, मी पेढा खाते आणि डब्ल्यू-४ चा कोरा फॉर्म हातात देते.

तो फॉर्म बदलला की पुढच्या एक-दोन पेचेकपासून ते १८५ थेट तुमच्या खात्यात. त्याला आयआरएसचा माणूस लागत नाही, काँग्रेस लागत नाही, शटडाऊन झालं तरी फरक पडत नाही, कारण कापणारी तुमची कंपनी आहे. बाजूला दुसरं काही उत्पन्न असेल, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येत असेल, तर पूर्ण १८५ सोडू नका, थोडं कापू द्या. मिसेसना पुढे ईएडी (काम करायचा परवाना) मिळून नोकरी लागली तर परत बदलावा लागेल, दोन पगारांवर तोच फॉर्म उलटा चावतो.

आणि हेच २०२५ ला सुद्धा झालंय, वर्षभर सिंगलनंच कापलं गेलंय, त्यामुळे २०२५ चाही रिफंड निघेल. त्यासाठी नवीन डब्ल्यू-७ पाठवू नका, आधीच्याचा नंबर येऊ द्या. १५ एप्रिल २०२६ पर्यंत नाही आला तर फॉर्म ४८६८ टाकून एक्स्टेन्शन घ्या, रिफंड असल्यामुळे दंडाचा प्रश्न येत नाही. सीपी५६५ हातात पडलं की २०२५ चं रिटर्न त्याच आठवड्यात भरा, नवा नंबर ई-फाईलला लगेच चालत नसेल तर कागदानं, तेव्हा काँग्रेसमध्ये काय चाललंय ते बघत बसू नका, राउटिंग नंबर चेकच्या पानावरून उतरवून घ्या आणि मिसेसचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, मधलं नाव असेल तर तेही, कारण एका अक्षराचा फरक पडला की परत माणसाच्या टेबलावर. डब्ल्यू-४ साठी मात्र कशाचीच वाट बघू नका, उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं एचआरचं पोर्टल उघडा. आणि तो पासपोर्ट ओरिजिनल पाठवला होतात की कॉपी, तेवढं लिहा, मग पुढचं सांगते.